ज्यांच्या घराची मोडतोड झाली, त्या गृहस्थांस

श्री. जेम्स हेंडरसन फिनलेसन यांस,
मूळ गाव लार्बर्ट, स्कॉटलंड. हल्ली मुक्काम काळ्या-पांढऱ्या पडद्यावर, दारात उभे, एक डोळा बारीक करून.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपली ओळख पुष्कळ जुनी झाली तरी एकतर्फीच राहिली. आपण मला ओळखायचं काही कारण नाही. मी मात्र आपल्याला पडद्यातून थेट माझ्याकडे बघताना इतक्या वेळा पाहिलं आहे, की आपली तक्रार माझ्याकडेच नोंदवली जाते आहे अशी माझी ठाम समजूत झाली आहे. ९ ऑक्टोबर १९५३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये आपलं निधन झालं, तेव्हा उलट टपालाची अपेक्षा नाही. पण तक्रार नोंदवून घेतली त्याची पोच द्यायला हवी, आणि माझ्याही दोन-चार तक्रारी आहेत. (इथून 'आपण' सोडून 'तुम्ही'वर येते. जुन्या ओळखीत एवढं चालवून घ्या.)

आधी बरी बातमी. तुमचा तो आवाज जिवंत आहे. काहीतरी बिनसलं की तोंडातून निघायचा तो लांबलचक 'डोऽऽऽह', ज्याच्या शेवटापर्यंत पोचताना तुमच्या मिशीचे केसही वैतागलेले दिसायचे, तोच. 'द सिम्पसन्स' नावाचं एक कार्टून आहे. त्यातल्या होमर सिम्पसनला आवाज देणाऱ्या डॅन कॅस्टेलानेटा यांच्या संहितेत एका जागी नुसतं 'वैतागून हुंकार' अशा अर्थाचं लिहिलेलं होतं. हुंकार कसला, हे त्यांनाच ठरवायचं होतं. त्यांना तुम्ही आठवलात. त्यांनी तुमचा 'डोऽऽऽह' काढून दाखवला. कार्टूनचे जनक मॅट ग्रेनिंग म्हणाले, ठीक आहे, पण आपल्याकडे वेळ कमी, जरा झटपट करा. तो झटपट हुंकार जगभर गेला, २००१ साली ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसला. तुमचा जन्म १८८७चा आणि सिम्पसन कुटुंब टीव्हीवर पहिल्यांदा दिसलं १९८७ साली. शंभर वर्षांनी वारस मिळाला म्हणायचं. श्रेय अर्थात होमरचंच झालं, पण कॅस्टेलानेटांनी तुमचं नाव लपवलं नाही, जाहीरपणे घेतलं. आजकाल एवढंही कोण करतं!

बातमी बरी असली तरी माझी पहिली कुरकुर तिथेच आहे. त्यांनी तुमची लांबी कापली. आणि तुमचं सगळं भांडवल त्या लांबीतच होतं.

तुमच्या काळी हॉलिवूडच्या विनोदी चित्रपटांत चिडणाऱ्यांची कमतरता नव्हती. एडगर केनेडी तुमच्याच हॅल रोच स्टुडिओत होते. ते चिडले की तळहात कपाळावरून हनुवटीपर्यंत सावकाश ओढायचे, राग चेहऱ्यावरून पुसून काढल्यासारखं करायचे आणि तो हाताखालून आणखी लाल होऊन बाहेर यायचा. बिली गिल्बर्ट शिंकून आणि किंचाळून घर डोक्यावर घ्यायचे. तुमची तऱ्हा निराळी. तुम्ही आधी बघता आणि काहीच होत नाही. बघितलं, पटलं, मान वळवली, आपल्या कामाला लागलात. मग ते डोक्यात उतरतं. मान झटक्यात परत येते, अख्खं डोकं मागे फेकलं जातं, एक भुवई टकलाच्या दिशेने चढते, दुसरा डोळा मिटत मिटत फट होतो, आणि त्या फटीतून समोरच्याची तपासणी सुरू होते. फाटकी नोट उजेडाला धरून, उलटी करून बघणारा किराणा दुकानदार असतो ना, तसे. नोट घ्यायची नाही हे त्याचं ठरलेलं असतं, पण तपासणी पुरी झाल्याशिवाय तो तसं म्हणत नाही. एवढं सगळं झाल्यावर तुम्ही हळूच कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, वळता.

ही कला मला कचेरीच्या एका खिडकीपाशी महागात पडली. कचेरीचं नाव नको. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी माझा अर्ज वाचला, शिक्क्याकडे हात नेला, शिक्का उचलला, आणि हात हवेत असताना ते अर्जाकडे परत वळले. डोकं मागे, एक भुवई वर. मला हसू आवरलं नाही. अर्ज एका झेरॉक्सपायी परत आला. या नुकसानीची भरपाई तुमच्याकडे मागावी की काय, या विचारात आहे.

असो. आता 'बिग बिझनेस'कडे वळू, कारण आपली खरी ओळख तिथली.

१९२९ सालचा मूकपट. कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात लॉरेल आणि हार्डी मोटारीत ख्रिसमसची झाडं घालून दारोदार विकत फिरताहेत. तुम्ही दार उघडता. झाड नको असतं. तसं सांगता आणि दार लावता. झाडाची फांदी दारात अडकते. बेल. तुम्ही दार उघडता, फांदी सुटते, दार लावता. आता स्टॅनच्या कोटाचं टोक अडकतं. बेल. कोट सुटतो, झाड परत अडकतं. बेल. इथवर तुमचं वागणं कुठल्याही सोसायटीतल्या सभ्य माणसाचं आहे. मग स्टॅनला व्यवसायातली एक मोठी कल्पना सुचते: या वर्षी नको तर पुढच्या वर्षीची ऑर्डर आजच लिहून घ्यावी. त्यावर तुम्ही आत जाता, बागेतली मोठी कात्री घेऊन बाहेर येता आणि त्या झाडाचे शिस्तीत तुकडे करता.

त्यानंतर जे होतं ते भांडण नाही, तो व्यवहार आहे, आणि व्यवहाराला नियम आहेत. एकाने काही मोडायचं. दुसऱ्याने ते मोडून पुरं होईपर्यंत मधे पडायचं नाही. उभं राहायचं, नीट बघायचं, नुकसान किती झालं ते मनाशी धरायचं. मग आपली पाळी. ते तुमच्या दारावर चाकू चालवतात, तुम्ही हार्डीचं घड्याळ हातात घेऊन त्याची वाट लावता. ते बेल उपटतात, तुम्ही मोटारीचा दिवा उपटता. ते तुमच्या घरात घुसतात, तुम्ही त्यांच्या मोटारीत. स्टॅन घरातल्या फुलदाण्या एकेक करून फेकतो आणि हार्डी फावड्याने त्या टोलवतो. तुम्ही अंगणात उरल्यासुरल्या झाडांशी कुस्ती खेळता आहात. रस्त्यावर बघ्यांची गर्दी. टायनी सँडफर्ड हा अंगापिंडाने दांडगा पोलीस समोर गाडी लावून बसला आहे आणि वहीत टिपणं घेतो आहे. तोही मधे पडत नाही, कारण त्याचीही पाळी यायची आहे.

मूकपट असल्यामुळे तुमचा 'डोऽऽऽह' यात नाही. गरजही नाही. राग अनावर झालेला माणूस बघवत नाही, पण आपली पाळी येईपर्यंत थांबलेला रागावलेला माणूस बघताना हसू थांबत नाही. ते थांबणं तुमचं होतं. हे दोघे धडपडतात, पडतात, भिजतात, ते ठीक. पण ते पडल्यानंतर मला हसायला जी जागा मिळते, ती तुम्ही राखून ठेवलेली असते. समोरच्या माणसाला आपला अपमान पुरता करू देणं, त्याला घाई न करणं, याला फार मोठं मन लागतं. किंवा फार चांगला दिग्दर्शक. जेम्स हॉर्न आणि देखरेख करणारे लिओ मॅकॅरी होते म्हणा, पण दोघांपैकी कुणी दारात उभं राहिलं नव्हतं.

हॅल रोच पुढे म्हातारपणी रंगवून सांगायचे, की ठरलेलं घर सोडून भलत्याच घराची मोडतोड झाली आणि मालक सुट्टीवरून परत आला तेव्हा कळलं. जाणकार ही गोष्ट मानत नाहीत. मलाही पटत नाही. अमेरिकेने १९९२ साली हा चित्रपट राष्ट्रीय ठेव्याच्या यादीत घातला, हे मात्र पक्कं. तुमचं मोडलेलं घर आता सरकारी जतनात आहे.

तुम्हाला एका माणसाबद्दल सांगायचं राहिलं. दूरदर्शनच्या दिवसांत शेजारच्यांच्या टीव्हीसमोर आम्ही पोरं जमायचो. लॉरेल आणि हार्डी आम्हाला त्या नावांनी ठाऊकच नव्हते. मराठी घरांत ते जाड्या आणि रड्या. आम्ही सगळे त्यांच्या बाजूचे. आमच्या आजीला मात्र 'बिग बिझनेस' पाहून हसू आलं नाही. भिंतीला टेकून, शेंगा निवडता निवडता तिनं ती सगळी पाडापाडी पाहिली आणि म्हणाली, "त्यानं नको म्हटलं होतं ना झाड? मग?" आम्ही म्हटलं, अगं आजी, गंमत आहे. ती म्हणाली, "गंमत तुमची. घर त्याचं." तिला तुमचं नाव कधी कळलं नाही. पुढे जाड्या-रड्याचं काही लागलं की ती विचारायची, "तो घरवाला आहे का आज?" तुम्ही नसलात तर उठून आत जायची. 'म्युझिक बॉक्स'ला ऑस्कर मिळालं म्हणतात, पण त्यात तुम्ही नाही, म्हणून आमच्या घरी त्याची किंमत शून्य.

आता मुख्य तक्रार. जरा बसून ऐका.

१९११च्या सुमारास तुम्ही स्कॉटलंड सोडून अमेरिकेत आलात, रंगभूमीवर कामं केलीत, १९१६च्या आसपास हॉलिवूडला पोचलात. मॅक सेनेटच्या विनोदी चित्रपटांत धावपळ केलीत, मग १९२३ साली हॅल रोचकडे आलात. त्याच वर्षी 'द सॉइलर्स'मध्ये स्टॅन लॉरेलबरोबर तुमची ती लांबच लांब मारामारी. तेव्हा हार्डी चित्रात नव्हते. १९२५ साली 'येस, येस, नॅनेट' निघाला. त्यात नायक तुम्ही. दिग्दर्शनात हात कुणाचा? स्टॅन लॉरेलचा. आणि दुय्यम भूमिकेत कोण? ऑलिव्हर हार्डी. म्हणजे तुम्ही तिघे पहिल्यांदा नीट एकत्र आलात तेव्हा पाटी तुमच्या नावाची होती. पुढे तुम्हा तिघांचं त्रिकूट करायचा स्टुडिओचा विचारही होता. मग जोडी जमली ती त्या दोघांची. एक बारीक, एक जाड, दोघांच्या डोक्यावर डर्बी हॅट. तिसऱ्याला जागा उरली ती दाराच्या आतल्या बाजूला.

हेही मी मान्य केलं असतं. जोड्या जमतात, तिसरा मागे पडतो, हे नाटक-सिनेमात नवं नाही. पण 'लव्ह एम अँड वीप'चं काय?

१९२७ साली त्यात तुम्ही टायटस टिल्सबरी. भरभराटीचा धंदा, घरी बायको, गावात मान. एवढ्यात जुनी मैत्रीण मे बुश उगवते आणि धमकावू लागते. तुमच्या हाताखाली स्टॅन, त्या बाईला अडवायचं काम त्याच्याकडे. हार्डी एका लहानशा भूमिकेत, पाहुण्यांमध्ये. चार वर्षांनी बोलपटाचा जमाना आला आणि तीच गोष्ट 'चिकन्स कम होम' म्हणून पुन्हा काढली. तीच मे बुश. तोच हाताखालचा स्टॅन. मालकाच्या खुर्चीत या वेळी हार्डी, त्यांना आता महापौर व्हायचं आहे. आणि तुम्ही त्याच घरात, ज्या घराचे तुम्ही मालक होता, तिथे बटलर.

फिनसाहेब, काही बोलला का नाहीत? रोच साहेबांच्या टेबलापाशी जाऊन एकदा भुवई तरी उचलायची. आमच्याकडे असं झालं असतं तर नटाने तालमीला यायचं सोडलं असतं, निदान दिवाळी अंकाला मुलाखत तरी दिली असती. तुम्ही बटलरचा कोट चढवलात आणि कामाला लागलात.

आणि काम काय केलंत! घरात फोन येतो, हार्डी गडबडतो, बायकोसमोर थापा मारू लागतो. तुम्ही बाजूला उभे. सगळं ऐकलं आहे. तोंडातून अक्षर नाही, फक्त मिशीखाली हसू दाबलेलं. हार्डीला कळतं की तुम्हाला कळलंय. खिशात हात जातो, तुमचं तोंड बंद ठेवण्याचे पैसे तुमच्या हातावर येतात. पुन्हा फोन, पुन्हा तीच नजर, पुन्हा खिसा. आख्ख्या चित्रपटात सुखी माणूस एकच, तो म्हणजे तुम्ही. माझा राग निम्मा तिथेच गेला, हे कबूल करायला हवं. उरलेला निम्मा राखून ठेवला आहे.

पुढची बरीच वर्षं तुम्ही त्या दोघांच्या वाटेत उभे राहिलात. त्यांच्याबरोबरचे एकूण ३३ चित्रपट भरतात. 'मेन ओ' वॉर'मध्ये सोडा फाउंटनच्या गल्ल्यामागे. दोघे खलाशी, दोन मुली, खिशात १५ सेंट, म्हणून स्टॅनने 'मला काही नको' म्हणायचं असं ठरलेलं, आणि दर वेळी तो विसरून मागतोच. तुम्ही ऑर्डर घ्यायला उभे, आणि ऑर्डर काही केल्या ठरत नाही. 'पार्डन अस'मध्ये तुरुंगातल्या शाळेचे मास्तर. 'वे आउट वेस्ट'मध्ये दारूच्या गुत्त्याचे मालक मिकी फिन. स्टॅन भाबडेपणाने सोन्याच्या खाणीची सगळी हकीकत तुमच्यासमोर ओकतो, आणि तुमच्या चेहऱ्यावर आधी नवल, मग हिशेब, मग गोडवा, अशी तीन माणसं एकापाठोपाठ येऊन जातात. तो प्रसंग मी आवाज बंद करूनही पाहिला आहे. काही कमी पडत नाही.

'बॉनी स्कॉटलंड'बद्दल मात्र जरा बोलायचं आहे. १९३५चा चित्रपट, त्यात तुम्ही सार्जंट मेजर फिनलेसन, खुद्द स्वतःच्या आडनावाने. स्कॉटिश पलटण हिंदुस्थानात येते. म्हणजे आमच्याकडे आलात की हो! पण आलात कुठे, कॅलिफोर्नियातल्या हिंदुस्थानात. तिथे मीर जुत्रा नावाचा कुणी खान आहे, त्याच्या महालात मधमाश्यांची पोळी उधळली जातात, आणि दोन गोरे शिपाई अंगणातला कचरा उचलता उचलता नाचू लागतात. तो नाच इतका सुंदर आहे की त्या बनावट हिंदुस्थानाबद्दल मी काही बोलत नाही. पण तो नाच थांबवायला तुम्हीच यावं? एक तर आयुष्यभर घरं तुमची मोडायची, आणि तुमच्या हाती थोडा अधिकार आला तर तो नाचणाऱ्यांना कोठडीत टाकण्यासाठी. आजी त्या दिवशी तुमच्यावर रागावली होती. "याला वर चढवला की हा असा," म्हणाली.

१९४०चा 'सॅप्स ॲट सी' हा त्या दोघांबरोबरचा तुमचा शेवटचा. भोंग्यांच्या कारखान्यात काम करून हार्डीचं डोकं फिरलेलं आणि त्याची फुप्फुसं तपासायला आलेले डॉक्टर तुम्ही, तेही फिनलेसन नावानेच. फुग्यासारखं ते यंत्र फुगतं, फुगतं आणि तुमच्यासमोर फुटतं. निरोप म्हणून वाईट नाही. त्यानंतर तुकडे उरले. हिचकॉकच्या 'फॉरिन करस्पॉन्डंट'मध्ये एक शेतकरी. लुबिचच्या 'टू बी ऑर नॉट टू बी'मध्ये, १९४२ साली, पॅराशूटने उतरलेल्यांकडे बघणारे दोन स्कॉटिश शेतकरी, त्यातले एक तुम्ही. फ्रेड अस्टेअरच्या 'रॉयल वेडिंग'मध्ये गाडीवान. त्या पॅराशूटच्या प्रसंगात तुम्ही काही सेकंदच आहात, आणि तेवढ्यात एकदा बघून घेता. नक्की कुणाकडे, ते मला माहीत आहे.

आता विनंती. हल्ली लोक तुमचा चेहरा कापून घेतात. भुवई चढते तेवढे दोन सेकंद, ते फोनवरून एकमेकांना पाठवतात, 'बॉसचा मेल आला' असं काहीतरी खाली लिहून. मलाही येतात. त्यात तुमची पहिली नजर नसते. सगळं ठीक आहे असं वाटून मान वळवलेली असते, तो भाग कापलेला असतो. नुसती भुवई राहते, आणि ती तर कुणालाही उचलता येते. तुम्हाला तिकडे काही वशिला असेल तर एवढं बघा, की निदान ज्यांना तुम्ही आवडता त्यांनी तरी दाराची पहिली बेल वाजल्यापासून पाहावं. ग्रेनिंग साहेबांना घाई होती ते समजू शकते, त्यांना कार्टून संपवायचं होतं. आम्हाला कसली घाई आहे?

स्टॅन आणि ऑलिव्हर भेटत असतील तर त्यांना नमस्कार सांगा. दार मात्र लगेच उघडू नका.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
आजीच्या बाजूने लिहिणारी नात

ता. क. 'चिकन्स कम होम'मध्ये हार्डींकडून घेतलेले पैसे त्यांनी परत मागितले तर देऊ नका. खुर्ची तुमची होती.